किनाऱ्यावर चालतं, जोर दिला की बंद पडतं : होडीच्या इंजिनाकडून शिकलेला एक पाठ



आमच्या वर्गात एक प्रश्नपेटी आहे. बुटांच्या खोक्याला रंगीत कागद लावून मुलांनीच बनवलेली. आठवडाभर मुलं त्यात चिठ्ठ्या टाकतात आणि शनिवारी आम्ही त्या उघडतो. मागच्या वर्षी गणपतीच्या सुट्टीनंतर पेटी उघडली, तेव्हा एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "आमच्या होडीचं इंजिन किनाऱ्यावर चांगलं चालतं. माणसं बसवून जोर दिला की बंद पडतं. असं का?"

प्रश्न पाचवीतल्या एका मुलाचा होता. आमची शाळा मालवण तालुक्यातली, खाडीकाठची. त्याचे बाबा छोट्या फायबरच्या होडीने मासेमारी करतात आणि हंगामात पर्यटकांना खाडीत फिरवतात. मधल्या सुट्टीत मी त्याला जवळ बोलावून विचारलं, तेव्हा चिठ्ठीत न लिहिलेली गोष्ट कळली. रविवारी खाडीच्या मुखाजवळ इंजिन बंद पडलं होतं आणि तो स्वतः होडीत होता. ओहोटीचं पाणी बाहेर ओढत होतं. बाबांनी लगेच नांगर टाकला आणि ओळखीच्या होडीने त्यांना ओढून आणलं. "बाबा घाबरले नाहीत," असं तो मला दोनदा म्हणाला. म्हणजे तो किती घाबरला होता, हे आपल्याला कळतं.

मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. डी.एड.ला हे कोणी शिकवलेलं नाही. पण या एका प्रश्नावर पुढे आमचे दोन शनिवार गेले आणि त्यातून वर्गाइतकंच मीही शिकले. 'आनंददायी शनिवार'मध्ये काय घ्यावं असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांना या पाठाचा उपयोग होईल. ज्यांच्या घरी अशी होडी आहे त्या पालकांनाही होईल.

आधी इंजिनाची ओळख

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ते आऊटबोर्ड इंजिन. होडीच्या बाहेर असतं म्हणून आऊटबोर्ड. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ मध्ये अशी इंजिनं विकायला सुरुवात केली. कडक उन्हात आइस्क्रीम आणायला तळ्यावर लांबपर्यंत वल्हवत जावं लागलं, तेव्हा त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. मुलांना ही गोष्ट फार आवडते, जरूर सांगा.

आपल्याकडे छोट्या होड्यांना ९.९ अश्वशक्तीच्या आसपासची इंजिनं दिसतात. वर्गात मी फळ्यावर पाच चौकटी काढल्या आणि सांगितलं, "इंजिन चालायला पाच गोष्टी लागतात."

१. पेट्रोल : टाकीतून पाइपने येतं. पाइपच्या मध्ये हाताने दाबायचा रबरी बल्ब असतो. पुढे फिल्टर, छोटा पंप आणि मग कार्बोरेटर.

२. हवा : कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच्या बारीक थेंबांत मिसळते.

३. ठिणगी : प्लगमधून पडते आणि मिश्रण पेटवते.

४. थंडावा : खालून खारं पाणी ओढून इंजिनात फिरवलं जातं. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते, ती याचीच खूण.

५. पंखा : इंजिनाचा जोर पाण्याला देतो आणि होडी पुढे जाते.

टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. अनेक इंजिनांना ते ५० ला १ असतं, म्हणजे १ लीटर पेट्रोलला २० मिलीलीटर ऑइल. इथे गणित आपोआप आलं. २५ लीटरच्या टाकीला किती ऑइल? मुलांनी २५ × २० = ५०० मिलीलीटर, म्हणजे अर्धा लीटर, असं पटकन सांगितलं. पुस्तकातल्या दूधवाल्याच्या उदाहरणाला जी मुलं जांभया देतात, तीच इथे हात वर करत होती.

'लोड' म्हणजे काय?

हा शब्द मुलांच्या घरात रोज वापरला जातो, पण अर्थ विचारला की सगळे गप्प. मी सायकलचं उदाहरण घेतलं. सायकल स्टँडवर लावून पायडल मारलं तर चाक भरभर फिरतं, दम लागत नाही. तीच सायकल, मागे धाकट्या भावाला बसवून चढावर न्या. चाक तेच, पाय तेच, पण आता श्वास जास्त लागतो, पाणी जास्त लागतं आणि सकाळी नाश्ता केला नसेल तर तेही कळतं. स्टँडवर काहीच कळत नाही.

इंजिनाचं तसंच आहे. किनाऱ्याला न्यूट्रलमध्ये ते मिनिटाला साधारण १००० फेरे मारतं. पूर्ण जोरात असताना ४५०० ते ५५००. साधारण १० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण जोरात तासाला चार-पाच लीटर पेट्रोल पिऊ शकतं. उभ्याउभ्या चालताना त्यातल्या अगदी थोड्यात भागतं. ठिणगीचा हिशोबही करून घ्या. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरमध्ये एक ठिणगी लागते. मिनिटाला ५००० फेरे म्हणजे सेकंदाला किती ठिणग्या? ५००० ÷ ६० = सुमारे ८३. एका सेकंदात ८३ ठिणग्या! वर्ग एकदम शांत झाला होता.

आता मुद्दा असा, की पेट्रोलचा रस्ता अर्धा बुजलेला असेल तर थोडं पेट्रोल तरी येतच राहतं. उभ्या इंजिनाला तेवढं पुरतं. जोर मागितला की कमी पडतं. म्हणून "किनाऱ्यावर चालतं म्हणजे इंजिन चांगलं आहे" हे म्हणणं चुकीचं ठरतं. किनाऱ्यावर त्याची परीक्षाच झालेली नसते.

पाना हातात घेण्याआधी विचारायचे प्रश्न

पुढच्या शनिवारी त्या मुलाचे बाबा 'पाहुणे शिक्षक' म्हणून वर्गात आले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बाई, इंजिन किनाऱ्याक बरा चलता, जोर दिलो काय मरता." तोवर त्यांनी दोन्ही प्लग बदलले होते. फरक पडला नव्हता. एका मेकॅनिकने बघितल्या बघितल्या 'कार्बोरेटर नवीन घाला' असं सांगितलं होतं आणि ते पैशांची जुळवाजुळव करत होते.

मी आधी एका जाणत्या मच्छीमारांकडून आणि इंजिनाच्या पुस्तिकेतून थोडी माहिती घेतली होती. त्यावरून मुलांनी डॉक्टर व्हायचं आणि बाबांना प्रश्न विचारायचे असं ठरवलं. हे प्रश्न तुम्हीही लिहून ठेवा.

पहिला प्रश्न : कसं बंद पडतं? दिव्याचं बटण दाबल्यासारखं झटकन, की दम लागल्यासारखं हळूहळू? झटकन बंद पडत असेल तर संशय विजेच्या बाजूवर, म्हणजे प्लग, कॉइल, वायर, किल स्विच यांवर जातो. आचके देत, आवाज बसत बसत बंद पडत असेल तर संशय पेट्रोलच्या बाजूवर.

दुसरा प्रश्न : कधी बंद पडतं? गिअर टाकल्या टाकल्या, की जोर दिल्यावर थोड्या वेळाने? गिअर टाकताच बंद पडत असेल तर आधी पंख्यात जाळं, दोरी अडकली आहे का ते बघावं. थोडा वेळ जोरात चालून मग बंद पडत असेल, तर कार्बोरेटरच्या छोट्या वाटीत साठलेलं पेट्रोल संपतंय आणि मागून तेवढं येत नाही, असा अंदाज करता येतो.

तिसरा प्रश्न : परत कधी सुरू होतं? लगेच, की गार झाल्यावरच? पंधरा-वीस मिनिटं गार झाल्याशिवाय सुरूच होत नसेल तर तापण्याची किंवा तापल्यावर दुबळी पडणाऱ्या कॉइलची शंका घ्यावी.

चौथा प्रश्न : पाण्याची धार कशी आहे? बारीक झाली, थांबली किंवा वाफ येतेय? तसं असेल तर पुढचे सगळे प्रश्न बाजूला ठेवून इंजिन लगेच बंद करावं. खालची पाणी ओढायची जाळी प्लॅस्टिकने झाकली गेली असेल, वाळू गेली असेल किंवा पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर झिजला असेल. तसंच चालवत राहिलं तर इंजिन जाम होऊ शकतं.

पाचवा प्रश्न : कधीपासून होतंय? त्याआधी काय बदललं होतं?

बाबांची उत्तरं अशी होती. दम लागल्यासारखं बंद पडतं. जोर दिल्यावर पाऊण-एक मिनिटाने. दोन-तीन मिनिटं थांबलं की परत सुरू होतं. धार चांगली आहे. आणि हे पावसाळ्यानंतरच सुरू झालं.

शेवटचं उत्तर महत्त्वाचं आहे. १ जूनपासून ६१ दिवस मासेमारीबंदी असते. समुद्रही खवळलेला असतो. होडी शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर परत पाण्यात ढकलतात. मधल्या काळात टाकीत, पाइपात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तसंच राहिलं तर ते चिकट होतं आणि जेटची केसासारखी बारीक भोकं बुजवतं. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. आणि जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तपासणीचा क्रम : सोप्याकडून अवघडाकडे

फळ्यावर आम्ही क्रम लिहिला. नियम एकच होता. ज्याला खर्च नाही आणि जे उघडावं लागत नाही, ते आधी.

पायरी १. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद असेल तर पेट्रोल बाहेर जाताना टाकीत हवा शिरत नाही आणि ओढ बसते. मुलांना हे दाखवायला पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ घ्या. बाटलीच्या तोंडाशी स्ट्रॉभोवती चिकणमाती घट्ट लावा आणि पाणी ओढायला सांगा. थोडं येतं आणि मग थांबतं. मातीला काडीने छोटं भोक पाडा, लगेच येतं. आमच्या वर्गात हा प्रयोग प्रत्येकाला करून बघायचा होता, तास त्यातच गेला.

पायरी २. पाइप कुठे दुमडला, टाकीखाली दबला आहे का? दोन्ही टोकांचे कनेक्टर घट्ट बसलेत का? त्यातली रबरी रिंग झिजली तर पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. बल्बवरचा बाण इंजिनाच्या दिशेने आहे का?

पायरी ३. बंद पडायच्या क्षणी बल्बची अवस्था बघा. ही पायरी सगळ्यांत उपयोगाची.
बल्ब चेपून सपाट झाला असेल तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला.
बल्ब नुसता मऊ पडला असेल आणि दाबत राहिल्यावर इंजिन सावरत असेल, तर कुठेतरी हवा ओढली जातेय किंवा इंजिनावरचा छोटा पंप दुबळा झालाय.
बल्ब कडक भरलेला असूनही इंजिन बसत असेल, तर अडथळा बल्बच्या पुढे. फिल्टर, कार्बोरेटर, जेट.

पायरी ४. थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. ते पेट्रोल वापरू नये.

पायरी ५. फिल्टर साफ आहे का?

पायरी ६. प्लग काढून रंग बघावा. एक सुका, तपकिरी आणि दुसरा काळा, ओला असेल तर एक सिलिंडर नीट काम करत नाही. ऑइल जास्त पडलं तरी प्लग काळा होतो.

पायरी ७. यानंतरच कार्बोरेटर उघडून जेट साफ करणं, पंपाचा पडदा बघणं, कॉइल तपासणं, कॉम्प्रेशन मोजणं. ही कामं मेकॅनिकची.

एक उलटं लक्षणही मुलांना सांगा. इंजिनाचा आवाज चढतो पण होडी पुढे जात नाही, तर इंजिनाला बोल लावू नये. पंख्याच्या मधलं रबर सुटलेलं असू शकतं. आणि कधी कधी इंजिन ठणठणीत असतं, होडीच्या बुडाला शेवाळ, कालवं चिकटलेली असतात किंवा माणसंच जास्त बसवलेली असतात.

जेट्टीवर काय झालं

मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती घेऊन आम्ही जेट्टीवर गेलो. शाळा व्यवस्थापन समितीचे दोन सदस्य सोबत होते. मुलं जेट्टीवर, खडूने मारलेल्या रेषेच्या आत बसली. होडीत फक्त बाबा आणि त्यांचे शेजारी, दोघंही लाइफ जॅकेट घालून. होडी जाड दोरांनी जेट्टीला बांधली. बांधलेल्या होडीत गिअर टाकून जोर दिला की इंजिनावर लोड येतो आणि होडी मात्र जागेवरच राहते. खाडीच्या मुखाशी जाऊन परीक्षा घ्यायची गरज नाही.

इंजिन सुरू झालं. मुलं मोठ्याने सेकंद मोजत होती. बेचाळीसला आवाज बसायला लागला. बाबांनी बल्ब वर उचलून दाखवला. चपाती! हा शब्द पुढच्या बाकावरच्या मुलाचा. हवेचा स्क्रू उघडाच होता. म्हणजे अडथळा टाकीकडच्या बाजूला. कार्बोरेटरचा यात काही संबंधच दिसत नव्हता.

शेजाऱ्यांचं इंजिन त्याच कंपनीचं होतं. त्यांनी त्यांची टाकी आणि पाइप आणून जोडला. पुन्हा मोजणी. शंभर झाले, दीडशे झाले, इंजिन चालूच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "म्हणजे टाकी खराब."

तेवढ्यात चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पण दोन वस्तू बदलल्या ना? टाकी पण आणि पाइप पण. मग कुठली खराब ते कसं कळणार?"

खरं सांगते, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. उत्तर मिळालं म्हणून मीपण टाळ्या वाजवत होते.

मग टाकी बाबांची ठेवली आणि पाइप शेजाऱ्यांचा जोडला. इंजिन व्यवस्थित चाललं. नंतर टाकी शेजाऱ्यांची आणि पाइप बाबांचा. पन्नासच्या आत आवाज बसला. दोष पाइपात होता. बाहेरून तो पाइप अगदी चांगला दिसत होता, कुठे चीर नाही की गळती नाही. बाबांनी तो उभा चिरला, तर आतला पातळ थर सुटून पदरासारखा लोंबत होता. थोडं पेट्रोल ओढलं जाताना तो बाजूला राहायचा. जोरात ओढ बसली की आत खेचला जाऊन वाट बंद करायचा. इंजिन थांबलं, ओढ थांबली की वाट परत मोकळी! म्हणूनच दोन-तीन मिनिटांनी इंजिन सुरू व्हायचं. पाइप बरीच वर्षं उन्हात वापरलेला होता आणि जुन्या बनावटीचा होता.

नवा पाइप घेताना इथेनॉल चालणारा आहे ना, हे विचारून घ्यावं. बल्बसकट पाइपाचा खर्च नव्या कार्बोरेटरच्या मानाने किरकोळच. पैसे वाचले हे झालंच. पण कार्बोरेटर बदलूनही खाडीच्या मुखाशी तेच परत झालं असतं, हे जास्त महत्त्वाचं.

आता आपल्या वर्गाकडे वळू या

त्या दिवशी घरी येऊन मी वह्या तपासायला बसले. योगायोगाने त्याच मुलाची वही हातात आली. भागाकार होता, ८२४ ÷ ४. उत्तर २६. गेले तीन आठवडे त्याचे भागाकार चुकत होते आणि प्रत्येक वेळी मी वहीत लिहिलं होतं, "पाढे पाठ कर." एकदा चारचा पाढा दहा वेळा लिहायलाही लावला होता.

पाढे त्याला येत होते. मी प्लग बदलत बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्याला तीन गणितं दिली, प्रत्येकात फक्त एक गोष्ट वाढवत.

८४ ÷ ४ : बरोबर, २१.
९६ ÷ ४ : बरोबर, २४. म्हणजे उरलेला दशक सुट्टा करून पुढे नेणंही त्याला जमतं.
८२४ ÷ ४ : अडला.

"इथे काय केलंस ते बोलून दाखव," म्हटलं. तो म्हणाला, "आठला चारने भागलं, दोन. मग दोनला चारने भाग जात नाही, म्हणून चोवीस घेतले. चार सक चोवीस, सहा." जात नाही तिथे शून्य लिहायचं असतं, हे त्याला माहीतच नव्हतं. दहा-दहाच्या काड्यांचे गठ्ठे घेऊन दशकाच्या घरात काहीच आलं नाही हे त्याने पाहिलं, शून्य लिहिलं, २०६ आले. पंधरा मिनिटं लागली. तीन आठवड्यांचं 'पाढे पाठ कर' एकीकडे आणि ही पंधरा मिनिटं एकीकडे.

आपल्यापैकी बरेच जण असं करत असतील. मूल अडलं की 'अभ्यास कर', 'लक्ष दे', 'पाढे म्हण' असे हाताशी असलेले भाग आपण बदलतो. सोपं गणित जमतं म्हणून मूल 'येतं पण करत नाही' असा शिक्काही मारतो. पण किनाऱ्यावर चाललं म्हणजे जोर दिल्यावर चालेलच असं नाही. ते नेमकं कुठे अडतं हे शोधायला त्याला थोडा लोड द्यावा लागतो, तोही सुरक्षित ठिकाणी, बांधलेल्या होडीसारखा. परीक्षेत नव्हे, आपल्या शेजारी बसवून. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

हा पाठ घ्यायचा असेल तर

तुमच्याकडे समुद्र नसला तरी अडत नाही. विहिरीवरचा पंप, फवारणीचं यंत्र, शिलाई मशीन, सायकल, मिक्सर, काहीही चालेल. क्रम असा ठेवा.

१. मुलांकडूनच प्रश्न येऊ द्या. घरात खरंच बिघडलेली वस्तू असेल तर उत्तम.
२. ती वस्तू चालायला काय काय लागतं, याच्या चौकटी फळ्यावर काढा.
३. वस्तूला हात लावण्याआधी पाच प्रश्न : कसं, कधी, परत कधी, आणखी काय दिसतं, कधीपासून.
४. प्रत्येक मुलाने वहीत अंदाज लिहावा आणि त्यापुढे 'कारण' लिहावं. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, खाली नवीन लिहायचा.
५. एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर नोंद.
६. ज्यांच्या हातात ते कौशल्य आहे त्या पालकांनाच पाहुणे शिक्षक म्हणून बोलवा. शाळेच्या बैठकीत मागच्या रांगेत बसणारे ते बाबा त्या दिवशी पाऊण तास बोलत होते. त्यांच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता.

परिसर अभ्यास, गणित आणि भाषा हे तिन्ही विषय यात येतात. भाषेसाठी मी 'इंजिनाचं आजारपण' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. नेहमी तीन ओळींत थांबणाऱ्या मुलांनी पान भरून लिहिलं.

सुरक्षितता : हे वगळू नका

पेट्रोलजवळ आग, विडी-सिगारेट, मोबाइलवर खेळणं काहीही नको. टाकी भरताना ती होडीतून बाहेर काढावी.
ठिणगीची तपासणी मुलांसमोर करू नये. पेट्रोलची वाफ आसपास असेल तर ती कोणीच करू नये.
पाण्याशिवाय आऊटबोर्ड सुरू करू नये. रबरी इम्पेलर काही वेळातच खराब होतो.
इंजिन चालू असताना पंख्याजवळ कोणी नको. पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद आणि किल स्विचची दोरी काढलेली हवी. होडी चालवताना मात्र ती दोरी चालवणाऱ्याच्या हाताला किंवा जॅकेटला अडकवलेली असावी.
होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट, तसंच वल्हं, नांगर आणि पुरेसा दोर हवाच. इंजिन बंद पडलं तर आधी नांगर, मग दुरुस्ती. त्या रविवारी बाबांनी हेच केलं, म्हणून बाकीचं सगळं पुढे घडू शकलं.
पावसाळ्यात होडी वर काढताना टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. नंतर पहिल्यांदा पाण्यात उतरवली की आधी जेट्टीला बांधून, जोर देऊन बघावं. मुलांना घेऊन फेरी त्यानंतर.

मुलांना विचारायचे प्रश्न

१. टाकी आणि पाइप दोन्ही एकदम बदलले तर दोष कुठे आहे हे का कळत नाही?
२. बल्ब सपाट झाला तर अडथळा टाकीकडे, असं का म्हणायचं?
३. १२ लीटर पेट्रोलला ५० ला १ प्रमाणात किती ऑइल लागेल? (उत्तर : २४० मिलीलीटर)
४. तुमच्या घरातली कोणती वस्तू 'लोड' आला की कुरकुरते? केव्हा, ते नोंदवा.

तो चिरलेला पाइप आता आमच्या वर्गाच्या विज्ञान कोपऱ्यात टांगलेला आहे. नवीन आलेली मुलं विचारतात, "हे काय आहे?" आणि जुनी मुलं मोठ्या ऐटीत पूर्ण गोष्ट सांगतात. चौथीतल्या त्या मुलीचा प्रश्न मी एका कार्डावर लिहून त्याच्या खाली लावलाय. मुलांच्या वह्या घेऊन बसण्याआधी मीही तो एकदा वाचते.

तुम्ही असा पाठ घेतलात तर तुमचा अनुभव जरूर कळवा.